मोक्षपट आणि भूमिकाखेळ : खेळांतील लोकरचनेचा तुलनात्मक परिचय

सारांश

काल्पनिक विश्वात घडणाऱ्या आधुनिक भूमिकाखेळांमध्ये अस्तित्वाचे अनेक स्तर कल्पिलेले असतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातील चक्राकार स्तररचना हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रास परिचित असलेल्या मोक्षपटातही भूलोकापासून वैकुंठापर्यंतचे लोक खेळाच्या घरांत बसविलेले आहेत. प्रस्तुत लेखात या दोन रचनांचे स्वरूप स्पष्ट करून त्यांची तुलना केली आहे. खेळातील लोकांची मांडणी ही त्या खेळाच्या नीतिविचाराची मांडणी असते आणि घरांची नावे पुसली गेली की तो विचारही लोप पावतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मोक्षपट, ज्ञानचौपड, सप्तलोक, भूमिकाखेळ, विश्वरचना, सापशिडी.

प्रस्तावना

विश्व किती मजली आहे, हा प्रश्न पुराणकारांनी जसा हाताळला तसा खेळ रचणाऱ्यांनीही हाताळला आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला येथे ‘भूमिकाखेळ’ असे म्हटले आहे. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, एक सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि कृती सफल झाली की विफल, याचा निर्णय फाशांच्या साहाय्याने होतो. पात्रांनी कोठे जावयाचे, मेल्यानंतर त्यांचे काय व्हावयाचे, देव व असुर कोठे राहतात, हे प्रश्न पुढे आले तेव्हा या खेळाला स्वतःचे ब्रह्मांड रचावे लागले.

हा विषय दूरदेशीचा वाटला तरी तो आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. महापे येथील औद्योगिक वसाहत व मिलेनियम बिझनेस पार्क यांच्या सान्निध्यात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला संगणकाचे क्षेत्र परके नाही. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळाचा आरंभच नवनरकांच्या पहिल्या थरात होतो. असा खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या नरकाचे नाव ठाऊक असते. परंतु महर्लोक कोणता, हे त्याला सांगता येईलच असे नाही. आपल्या परंपरेनेही लोकांची रचना एका खेळाच्या पटावर मांडली होती, ही गोष्ट तर त्याच्या कानावरही आलेली नसते. म्हणून या दोन रचना शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

संज्ञांचा प्रवास

भारतीय परंपरेत ‘लोक’ या शब्दाला स्थान आणि अवस्था असे दोन्ही अर्थ आहेत. पुराणांनी चौदा लोक सांगितले. भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः व सत्य हे सात ऊर्ध्वलोक आणि अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल व पाताळ हे सात अधोलोक. हे लोक एकावर एक रचलेले असले तरी त्यांचे आयुष्य सारखे नाही. विष्णुपुराणाच्या विवेचनानुसार पहिले तीन ऊर्ध्वलोक ‘कृतक’ म्हणजे कल्पान्ती नष्ट होणारे, वरचे तीन ‘अकृतक’, तर मधला महर्लोक ‘कृतकाकृतक’ आहे. कल्पान्ती तो ओस पडतो, पण नष्ट होत नाही. तेव्हा लोकांचा क्रम उंचीबरोबर टिकाऊपणाचाही क्रम आहे.

भूमिकाखेळांत लोकाला ‘प्लेन’ म्हणतात. हा शब्द अस्तित्वाच्या पातळीच्या अर्थाने इंग्रजीत रूढ होण्यास थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेखनाचा मोठा हातभार लागला. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतूनच सुरू झाले. अड्यारला स्थलांतर करण्यापूर्वी १८८२ पर्यंत संस्थेचे मुख्य केंद्र मुंबई होते. थिऑसॉफीने सात स्तरांची जी मांडणी केली तिच्यात भारतीय लोककल्पना आणि पाश्चात्त्य गूढविद्या यांचे मिश्रण होते. ‘अ‍ॅस्ट्रल’ व ‘इथरिक’ या संज्ञा पुढे इंग्रजी अद्भुत साहित्यात सर्रास वापरल्या गेल्या. गायगॅक्सच्या खेळातील ‘अ‍ॅस्ट्रल’ व ‘इथिरिअल’ या दोन जोडस्तरांची नावे याच शब्दसंपदेतील आहेत. भारतीय लोककल्पनेचा काही अंश अशा वळणावळणाच्या वाटेने या खेळांत उतरलेला दिसतो.

चक्राकार रचना

गायगॅक्स यांनी १९७७ मध्ये ‘द ड्रॅगन’ या नियतकालिकाच्या आठव्या अंकात या स्तरांची पहिली व्यवस्थित मांडणी केली आणि १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेच्या परिशिष्टात ती समाविष्ट केली. १९८७ मध्ये जेफ ग्रब यांनी ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ या ग्रंथात तिचा विस्तार केला, तर १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांच्या ‘प्लेनस्केप’ या मालिकेने तिला पूर्ण रूप दिले.

या रचनेच्या मध्यभागी मानवी जग आहे. त्याच्या एका अंगाला ‘आंतर’ स्तर येतात. अग्नी, वायू, जल व पृथ्वी ही चार महाभूते आणि धन व ऋण अशा दोन शक्ती मिळून ते बनतात. सृष्टीचे द्रव्य येथून येते. दुसऱ्या अंगाला ‘बाह्य’ स्तर आहेत. ते देव, देवदूत व असुर यांचे असून मृतात्मेही तेथेच जातात. आंतर स्तरांकडे जाण्यासाठी इथिरिअल आणि बाह्य स्तरांकडे जाण्यासाठी अ‍ॅस्ट्रल स्तर ओलांडावा लागतो.

बाह्य स्तरांची संख्या कशी ठरली, हे पाहण्यासारखे आहे. या खेळात प्रत्येक पात्राचा नैतिक कल दोन अक्षांवर मोजला जातो. एक अक्ष नियमनिष्ठेकडून स्वैरतेकडे जातो, दुसरा सुष्टतेकडून दुष्टतेकडे. प्रत्येक अक्षावर मधली तटस्थ अवस्था धरली की तीन गुणिले तीन असे नऊ कल होतात. त्यांपैकी पूर्ण तटस्थतेचा कल मध्यभागी ठेवला तर परिघावर आठ उरतात. या आठांसाठी आठ स्तर आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये संक्रमणाचा एकेक स्तर, असे सोळा बाह्य स्तर सिद्ध होतात. मध्यभागीचा तटस्थ स्तर धरून ही संख्या सतरा होते. नियमनिष्ठ सुष्टतेच्या टोकाला सात थरांचा स्वर्गपर्वत, नियमनिष्ठ दुष्टतेच्या टोकाला नऊ थरांचा नरक आणि स्वैर दुष्टतेच्या टोकाला सहाशे सहासष्ट थरांचे अथांग विवर आहे. म्हणजेच येथे नीतीच्या कोष्टकातून भूगोल निघाला आहे.

ही एकमेव रचना नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या विश्वात तेरा स्तर ग्रहांप्रमाणे भ्रमण करतात आणि जवळ आले की जगावर त्यांचा प्रभाव वाढतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने चक्र मोडून वर तारकासागर व खाली महाभूतांचा कल्लोळ अशी उभी रचना स्वीकारली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चक्र परतले. नियम बदलले की विश्व बदलते, ही या खेळांची सोय आहे आणि मर्यादाही आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, अग्नी, यम, वरुण, विष्णू या भारतीय देवतांनाही आकडे व नैतिक कल देऊन याच कोष्टकात बसविण्यात आले. लोकांची रचना आधीच ठरलेली असल्याने देवतांना तेथे मिळेल ती जागा घ्यावी लागली.

मोक्षपटातील लोकरचना

मोक्षपट, ज्ञानचौपड, ज्ञानबाजी, परमपदसोपान अशा नावांनी एकाच कुळातील पट भारतभर प्रचलित होते. महाराष्ट्रात मोक्षपटाचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. मात्र त्या काळातील पट अथवा त्याचा समकालीन उल्लेख पुराव्यादाखल पुढे आलेला नाही. हाती असलेले जुने पट मुख्यत्वे अठराव्या शतकापासूनचे आहेत. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये या पटांचा चिकित्सक अभ्यास प्रसिद्ध केला. याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये पूर्ण केलेला प्रबंध तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारताच्या पटांवरच केंद्रित आहे. या अभ्यासांवरून वैष्णव पट बहुधा ७२ घरांचे, जैन पट ८४ घरांचे, तर सूफी पट १०० घरांचे असल्याचे दिसते. जैन पटाच्या माथ्यावर सिद्धशिला असते. वैष्णव पटाच्या माथ्यावर वैकुंठ.

विवेचनासाठी हरीश जोहरी यांनी १९७५ मध्ये ‘लीला’ या पुस्तकाद्वारे इंग्रजी वाचकांपुढे ठेवलेला ७२ घरांचा पट घेता येईल. त्यात नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी आहेत. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, अशा नागमोडी क्रमाने घरे चढत जातात. त्यामुळे प्रत्येक ओळीचे मधले, म्हणजे पाचवे घर, एका उभ्या रेषेत येते. ही घरे अशी : ५ भूलोक, १४ भुवर्लोक, २३ स्वर्गलोक, ३२ महर्लोक, ४१ जनलोक, ५० तपोलोक, ५९ सत्यलोक आणि ६८ वैकुंठ. पुराणांतील सातही ऊर्ध्वलोक आपल्या क्रमाने पटाच्या कण्यावर उभे आहेत आणि त्या कण्याच्या टोकाला वैकुंठ आहे. उरलेल्या चौसष्ट घरांत विकार, सद्गुण, प्राण, महाभूते, नद्या व त्रिगुण विखुरलेले आहेत.

या पटावर दहा साप व दहा शिड्या आहेत. त्यांची सुरुवात व शेवट तपासल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. मधल्या कण्यावरील एकाही घरात सापाचे तोंड नाही, शिडीचा पायथा नाही आणि एकही साप आपल्या शेपटीने सोंगटीला तेथे आणून सोडत नाही. मात्र दहांपैकी पाच शिड्यांचे माथे तेथेच टेकतात : शुद्धीच्या १० व्या घरातून स्वर्गलोक, दानाच्या २० व्या घरातून महर्लोक, परमार्थाच्या २७ व्या घरातून जनलोक, सुधर्माच्या २८ व्या घरातून तपोलोक आणि भक्तीच्या ५४ व्या घरातून वैकुंठ. याचा अर्थ असा की लोक हे फळ आहे, कारण नव्हे. चढणे-उतरणे घडते ते गुणांच्या व विकारांच्या घरांत. लोकात केवळ पोहोचता येते. सत्यलोकाला तर एकही शिडी लागलेली नाही. तेथे एकेक घर चालतच जावे लागते.

अधोलोकांची वाटणी याहून वेगळी आहे. सातही पाताळांना येथे स्वतंत्र घरे नाहीत. नागलोक दुसऱ्या ओळीत १५ व्या घरी आहे. नरक मात्र ३५ व्या घरी, म्हणजे महर्लोकाच्याच चौथ्या ओळीत आणि स्वर्गलोकाच्या एक ओळ वर आहे. पुराणांच्या भूगोलात नरक पाताळाच्याही खाली असतो. पटकर्त्याने हे स्थान बदलले, ते अज्ञानाने बदलले असे मानण्याचे कारण नाही. ५२ व्या हिंसेच्या घरातील साप नरकात उतरतो. सहाव्या ओळीपर्यंत आलेला साधक हिंसेमुळे तेथून घसरतो. तेव्हा नरक ही चढणीच्या वाटेवरच भेटणारी अवस्था आहे, हे या मांडणीतून सूचित होते. महाभूतांचेही तसेच. चक्राकार रचनेत त्यांना वेगळे वर्तुळ मिळाले आहे. पटावर अग्नी, पृथ्वी, जल व वायू ही घरे भक्ती, विवेक, अविद्या यांच्या शेजारीच आहेत.

या पटाचे आणखी एक वैशिष्ट्य शेवटच्या ओळीत दिसते. खेळाचे ध्येय ६८ वे घर आहे, ७२ वे नव्हे. वैकुंठापुढे ६९ ब्रह्मलोक, ७० सत्त्वगुण, ७१ रजोगुण व ७२ तमोगुण अशी चार घरे आहेत. १७ व्या दयेच्या घरातील शिडी सोंगटीला थेट ब्रह्मलोकी नेते, म्हणजे ध्येयाच्या एक घर पुढे. वैकुंठ ओलांडून गेलेली सोंगटी पुढे सरकत अखेर तमोगुणाच्या घरी येते आणि तेथील साप तिला ५१ व्या घरी, पृथ्वीवर, परत आणतो. सर्वांत मोठा आकडा गाठणे म्हणजे पोहोचणे नव्हे, हा विचार येथे एका शब्दाचेही निरूपण न करता खेळाच्या नियमातून शिकविला जातो. मराठीत फाशाच्या पडण्यालाही ‘दान’ म्हणतात आणि २० व्या घराचे नावही ‘दान’ आहे. पूर्वकर्माने पडणारे दान आणि स्वेच्छेने दिलेले दान या दोहोंच्या ताणावरच हा खेळ उभा आहे.

दोन रचनांची तुलना

चक्र आणि शिडी या दोन आकृतींतच दोन्ही खेळांचा फरक सामावला आहे. चक्रावर प्रत्येक स्तर केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. कोणताही एक स्तर सर्वांचे गन्तव्य नसतो. त्यामुळे भूमिकाखेळाला शेवट असावाच लागत नाही. पात्र स्तरांतून प्रवास करते, परतते व पुन्हा निघते. पटावर मात्र प्रत्येक घराला वर आणि खाली आहे, आणि खेळाडूचे उद्दिष्ट पटाबाहेर पडणे हे आहे.

कर्तृत्वाच्या बाबतीत स्थिती उलट आहे. भूमिकाखेळात निवड खेळाडूची असते. निवडीचे परिणाम तो भोगतो व सूत्रधाराशी वादही घालू शकतो. मोक्षपटात खेळाडूला निवड जवळजवळ नाही. कवड्या किंवा फासा सांगेल तेवढी घरे चालणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून नीतिशिक्षणाचे साधन या नात्याने मोक्षपटावर आक्षेप घेता येतो : ज्या हिंसेची निवड खेळाडूने केलीच नाही तिच्यासाठी त्याने नरकात का जावे? परंपरेचे उत्तर पूर्वकर्माकडे बोट दाखविते. अध्यापकाने हा आक्षेप झाकून ठेवू नये. दैव आणि प्रयत्न यांविषयीची वर्गचर्चा त्यातूनच सुरू होऊ शकते.

तथापि एका ठिकाणी या दोन रचना अनपेक्षितपणे जवळ येतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील दहाव्या समासात सलोकता, समीपता, सरूपता व सायुज्यता या चार मुक्तींचे निरूपण केले आहे. देवाच्या लोकी राहणे ही सलोकता. परंतु पहिल्या तिन्ही मुक्ती नाशवंत असून सायुज्यताच शाश्वत आहे, असा त्यांचा निर्णय आहे. ‘प्लेनस्केप’मध्ये मृतात्मा आपल्या नैतिक कलाच्या किंवा उपास्य देवतेच्या स्तरावर नव्याने देह धारण करतो आणि त्या स्तराशी पूर्ण समरस झाला की अखेर त्यातच विलीन होतो. ‘राहणे’ व ‘विलीन होणे’ या दोन पायऱ्या दोन्हीकडे आहेत. भेद असा की समर्थांच्या दृष्टीने विलीन होण्याचे स्थान लोकांच्या पलीकडे आहे, तर खेळात दुष्टाचा आत्माही आपल्या दुष्ट स्तरात तितक्याच पूर्णतेने विलीन होऊ शकतो. परमतत्त्व एक मानले की शिडी उभी राहते. अनेक आणि समबल मानली की चक्र तयार होते.

नावे पुसलेला पट

मोक्षपट इंग्लंडला पोहोचला तो प्रथम जिज्ञासेचा विषय म्हणून. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्यात कलेक्टर म्हणून काम केलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी १८३१ मध्ये असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला भेट दिला. १८९२ मध्ये फ्रेडरिक हेन्री एअर्स यांनी इंग्लंडमध्ये ‘स्नेक्स अँड लॅडर्स’चे एकस्व घेतले. आरंभीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, आज्ञाधारकपणा, आळस यांसारखे व्हिक्टोरियन गुणदोष चित्रित होते. पुढे तेही गेले व केवळ १ ते १०० आकडे राहिले. तोच पट परतून आपल्याकडे ‘सापशिडी’ म्हणून रूढ झाला.

या प्रवासात तीन गोष्टी हरवल्या. घरांची नावे गेल्याने साप का चावतो व शिडी का चढविते, याचे कारण गेले. दहा-दहा घरांच्या ओळींमुळे मधले घर उरले नाही आणि लोकांचा कणा नाहीसा झाला. ध्येय शेवटच्या, शंभराव्या घराकडे सरकल्याने वैकुंठाच्या पुढेही घसरण आहे हा विचार संपला. खेळ मात्र चालूच राहिला. जुना पट फाटतो तेव्हा निदान तो गेल्याचे कळते. येथे पट शाबूत राहिला आणि विचार निघून गेला, म्हणून त्याची उणीव कोणाला भासली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. (१) खेळातील लोकरचना ही सजावट नसून त्या खेळाच्या नीतिविचाराचे दृश्य रूप असते. (२) भूमिकाखेळांतील चक्राकार रचना नैतिक कलांच्या कोष्टकातून निघालेली असून तिच्यात सर्व स्तर समान अंतरावर आहेत. मोक्षपटात सप्तलोक मध्यवर्ती कण्यावर असून ते गुणाचे फळ म्हणूनच प्राप्त होतात. (३) मोक्षपटाने पुराणांचा भूगोल जसाच्या तसा न उतरविता साधकाच्या अनुभवानुसार त्याची फेरमांडणी केली. (४) नावे लोपल्याने सापशिडीत या रचनेचा केवळ सांगाडा उरला.

तत्त्वज्ञान, मराठी, इतिहास व संगणकशास्त्र या विभागांना हा विषय एकत्र आणू शकतो. बहात्तर घरांचा पट कागदावर आखून, प्रत्येक घराचे नाव वाचत खेळण्यास एक तासिका पुरते. त्यानंतर विद्यार्थ्यांना स्वतःच्या काळासाठी नवा पट रचावयास सांगितले, तर कोणता दोष किती खाली नेतो व कोणता गुण किती वर चढवितो, हे त्यांना ठरवावे लागेल. तसेच महाराष्ट्रातील वाडे, मठ, जैन मंदिरे व खासगी संग्रह यांत कापडावर किंवा कागदावर काढलेले पट आढळल्यास त्यांची घरनिहाय नोंद व छायाचित्रण होणे अगत्याचे आहे. त्या नोंदीत आकड्यांबरोबर नावेही जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. कारण लोकांची रचना त्या नावांतच टिकून आहे.